डिमेन्शियाच्या माणसासाठी घरी केअरटेकर ठेवताय? ब्युरोला फोन करायच्या आधी हे करा

आमच्या नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर दर पंधरा-वीस दिवसांनी एक मेसेज येतो, "आईंसाठी अर्जंट बाई हवीये, फक्त सोबतीला, थोडा विसरभोळेपणा आहे." आठ दिवसांनी त्याच घरातून तोच मेसेज परत, कारण पहिली बाई सोडून गेलेली असते किंवा आईंनीच तिला हाकललेलं असतं. आमच्याकडेही हेच झालं. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत ३१ वर्षं फिटर होते. त्यांना डिमेन्शिया आहे, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाण्याचा आजार. त्यांच्यासाठी आम्ही पहिल्या दोन महिन्यांत चार माणसं बदलली, आणि त्यातली तिघं चांगली होती हे मला आत्ता कळतंय. चूक क्रमाची होती. आम्ही सगळ्यात आधी ब्युरोला, म्हणजे केअरटेकर पुरवणाऱ्या एजन्सीला, फोन केला आणि बाकीचं, म्हणजे डॉक्टर, घर, कागदपत्रं, दादांचा दिवस नेमका कसा जातो ते बघणं, हे सगळं नंतर जमेल तसं करत बसलो.

म्हणून खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा. पहिल्या चार पायऱ्या नेट लावला तर दहा दिवसांत होतात, तेवढे दिवस घरातल्या कोणीतरी सुट्टी काढा.

पायरी १: आधी डॉक्टर, कारण सगळंच डिमेन्शिया नसतं

स्वतःला एक प्रश्न विचारा. हे महिन्या-महिन्याने हळूहळू वाढत आलंय, की गेल्या दोन-चार दिवसांत एकदम बिघडलंय? परवापर्यंत स्वतःच्या हाताने जेवणारा माणूस आज कोणाला ओळखत नाही, दिवसभर झोपतोय नाहीतर रात्रभर बडबडतोय, असं असेल तर तो डिमेन्शिया "वाढला" असं समजू नका. बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी निघतं: लघवीचं इन्फेक्शन, चार दिवसांची बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, सोडियम खाली जाणं, छातीत कफ, नवीन सुरू केलेली गोळी. पडले होते का तेही आठवा, डोक्याला मार लागल्यावर आत रक्त साचलं तर त्याची लक्षणं म्हाताऱ्या माणसात कधी कधी काही आठवड्यांनी दिसतात. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर. केअरटेकर हा त्याच्यावरचा उपाय नाही.

हळूहळू वाढलेलं असलं तरी न्यूरोलॉजिस्ट किंवा सायकिअ‍ॅट्रिस्टला एकदा नीट दाखवा. बी-१२, थायरॉइड, शुगर, सोडियम हे रक्तात बघितलं जातं, आणि कान तपासून घ्या. दादांच्या एका कानात मळाचा गोळा होता, आम्ही वर्षभर समजत होतो की ते आमचं ऐकून विसरतायत. त्यांना ऐकूच येत नव्हतं.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत टाकून न्या, आयुर्वेदिक पण, दुकानातून मनाने आणलेल्या पण. सर्दी-खाजेच्या ज्या जुन्या गोळ्यांनी झोप येते त्यांनी वयस्कर माणसाचा गोंधळ वाढतो, आणि हे घरोघरी चालू असतं. डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारून लिहून घ्या: गिळायला त्रास आहे का, पडायची भीती किती, आणि फार चिडले तर द्यायची गोळी कोणती, किती, दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा.

थांबा: शांत करायच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून देऊ नका. डिमेन्शियाच्या पेशंटमध्ये मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी पॅरालिसिसचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, आणि लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असेल तर माणूस एका डोसात लाकडासारखा कडक होऊ शकतो. त्या लागतात कधी कधी, पण डॉक्टर ठरवतील तेवढ्या आणि तेवढेच दिवस.

पायरी २: सात दिवसांची वही

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते सगळं हिच्यावरच उभं आहे. शंभर पानी वही घ्या आणि सात दिवस लिहा. किती वाजता, काय झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं, आणि कशाने शांत झाले. चारच रकाने. "आज खूप त्रास दिला" असं लिहून उपयोग नाही, "सकाळी ११ ला आंघोळीला उठवलं, हात झटकला, शिवी दिली, अर्ध्या तासाने स्वतःच उठले" असं लिहा.

दादा आंघोळीला भांडायचे. वहीत चार दिवस लिहिल्यावर दिसलं की आम्ही त्यांना ११ वाजता न्यायचो, कारण तेव्हा आमची कामं आटपलेली असायची. जन्मभर ते पहाटे उठून आंघोळ करून फर्स्ट शिफ्टला गेलेत, ११ वाजता त्यांच्या डोक्यात आंघोळ झालेली असते, मग परत कोण कशाला करेल? सहाला न्यायला लागलो आणि निम्मं भांडण संपलं.

दुसरी गोष्ट तर मला आजही बोचते. दादा साताऱ्याकडचे, संडासला जायचं असलं की म्हणायचे "जरा बाहेर जाऊन येतो." आधीच्या केअरटेकरला वाटायचं हे घराबाहेर पडतायत, तो दारात आडवा व्हायचा, दादा चिडायचे, ढकलायचे, आणि तिथंच कपडे खराब व्हायचे. त्यावर आम्ही काय निष्कर्ष काढला, तर आजार वाढला आणि माणूस मारकुटा झाला. तो बिचारा संडासला जाऊ द्या म्हणत होता.

सात दिवसांनी वहीतून एक पान तयार करा. एकच पान, मोठ्या अक्षरात, केअरटेकरला वाचता येईल त्या भाषेत. त्यात काय हवं:

हाक काय मारायची (दादा, काका नाही, अंकल तर नाहीच). शी-शू, भूक, दुखणं यासाठी ते कोणते शब्द वापरतात. दिवसाच्या वेळा. चष्मा, कवळी, कानाचं मशीन कुठे ठेवतात. कशाला घाबरतात, उदाहरणार्थ दादा मिक्सरच्या आवाजाला. कशाने खुलतात. कोणता विषय काढायचा नाही, आमच्याकडे तो गेलेल्या धाकट्या काकांचा, कारण दर वेळी ती बातमी त्यांना नवीन असते आणि दर वेळी तेवढंच रडू येतं.

तपासा: हे पान शेजारच्या एखाद्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, "माझ्याशिवाय तू चार तास सांभाळशील का?" तो जे प्रश्न विचारेल त्यांची उत्तरं पानावर घाला.

पायरी ३: घर, केअरटेकर यायच्या आधी

नवीन माणूस आणि घरातला बदल एकाच दिवशी करू नका. आमच्याकडे ज्या दिवशी पहिली मावशी आली त्याच दिवशी बाथरूमला दांडे बसवले, आणि दादांनी ठरवून टाकलं की ही बाई घर फोडायला आलीये. त्या मावशी तीन दिवस टिकल्या.

बाथरूमपासून सुरुवात करा. आतली कडी काढून टाका, कारण आतून लावली आणि उघडता आली नाही तर दार तोडावं लागतं. कमोडच्या बाजूला आणि शॉवरखाली पकडायला दांडे, भिंतीत ड्रिल करून पक्के बसवलेले, चिकटवायचे सक्शनवाले नकोत, ते भार पडला की निघतात. बसायला पाठ आणि हात असलेली खुर्ची, स्टूल नाही. खाली अँटी-स्किड मॅट, आणि दारातलं सरकणारं पायपुसणं आजच्या आज उचला. गिझर कमी तापमानावर लावून ठेवा. पलंगापासून संडासपर्यंत रात्रभर छोटा दिवा. आरशात बघून "हा कोण माणूस" म्हणून घाबरत असतील तर आरशावर कापड टाका.

स्वयंपाकघरात पाइपचा गॅस असेल तर काम झालं की शेगडीचं बटण बंद करून पुरत नाही, पाइपवरचा व्हॉल्व्ह पण बंद करायची सवय सगळ्यांनी लावा, सिलेंडर असेल तर रेग्युलेटर. फिनेल, अ‍ॅसिड, टॉयलेट क्लीनर कुलपात, रंगीत बाटली त्यांना सरबताची वाटू शकते. गोळ्या पण कुलपात.

मुख्य दाराला डोळ्यांच्या बऱ्याच वर दुसरी कडी लावा आणि दार उघडलं की वाजेल अशी बेल. डिमेन्शियात बऱ्याचदा माणूस नजरेच्या रेषेतलंच बघतो, वरची कडी शोधत नाही. गॅलरीला ग्रिल नसेल तर तो खर्च सगळ्यात आधी करा, विशेषतः वरच्या मजल्यावर असाल तर.

थांबा: बाहेरून कुलूप लावून त्यांना आत एकटं ठेवून दूध आणायलासुद्धा जायचं नाही. आग लागली, पडले, घाबरले, तर आत जाणार कोण?

आणि एक, उत्साहाच्या भरात पलंगाची जागा बदलू नका, कपाट हलवू नका. धोका तेवढा काढा, बाकी घर त्यांना पाठ आहे तसंच राहू दे.

पायरी ४: पैसे, कागद आणि दागिने

कागदांची घाई करा, कारण त्यांना समजतंय तोपर्यंतच हे होतं. बँक खातं जॉइंट करून घ्या, दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं. बरेच जण सांगतात कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून घ्या की झालं, पण आपल्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची समज गेली की साधं कुलमुखत्यारपत्र संपतं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ते निकामी. त्यानंतर पालक म्हणून नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. मृत्युपत्र करायचं असेल तर त्याच दिवसांतलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत लावा, आणि वकिलाला एकदा भेटाच.

पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनच देता येतो, बँकेत ओढत न्यायची गरज नाही. ७० च्या पुढच्यांसाठी बँकेची घरपोच सेवा असते, ब्रँचमध्ये विचारा. त्यांच्या फोनमधलं यूपीआय बंद करा किंवा लिमिट अगदी कमी ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कॉल करा.

आता दागिने. "माझी अंगठी चोरली, माझे पैसे घेतले" हा आरोप या आजाराचा भाग आहे, स्वतःच ठेवलेली वस्तू सापडत नाही आणि मेंदू त्याला एक कारण जोडून देतो. आज सुनेवर होतो, उद्या केअरटेकरवर होणार. म्हणून तिच्या येण्याआधी सोनं लॉकरमध्ये, जे अंगावर राहील त्याचे फोटो, घरात सुट्टे पैसे सोडून रोख नाही. आणि केअरटेकरला पहिल्याच दिवशी सांगा की ते तुमच्यावर चोरीचा आळ घेतील, आम्हाला माहितीये हा आजार आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हे एक वाक्य न बोलल्यामुळे आमच्याकडची दुसरी मावशी रडत गेली.

पायरी ५: आता माणूस शोधा

आधी ठरवा, नर्स हवी की अटेंडंट. लघवीची नळी, नाकातून नळी, इंजेक्शनं, जखमेचं ड्रेसिंग असेल तर ट्रेंड नर्स. नुसतं उठवणं-बसवणं, आंघोळ, जेवण, सोबत यासाठी अटेंडंट पुरतो, नर्सचे पैसे घालवू नका. पुरुष पेशंटला बाईकडून आंघोळ करून घ्यायची लाज वाटते, ती लाज आजारातही जात नाही. आम्ही शेवटी दादांसाठी ब्रदर, म्हणजे पुरुष अटेंडंट, घेतला.

मग तास. वही उघडा आणि बघा सगळ्यात कठीण वेळ कोणती. बहुतेकांची संध्याकाळ असते, आणि लोक केअरटेकर ठेवतात सकाळी ८ ते दुपारी ४. पेशंट रात्री चार वेळा उठत असेल तर २४ तासांची एकच बाई चालणार नाही, ती कधी झोपणार? एक दिवसाची एक रात्रीची लागेल, नाहीतर रात्र घरच्यांनी वाटून घ्यायची.

ब्युरोला फोन करताना "साधा विसरभोळेपणा आहे" असं सांगू नका. ओरडतात, हात उचलतात, कपड्यात होतं, बाहेर पळतात, जे आहे ते सगळं सांगा. लपवलेलं दुसऱ्या दिवशी कळतंच आणि मग माणूस निघून जातो. उलट तुम्ही हे विचारा: रजिस्ट्रेशन किती, ते परत मिळतं का, रोजच्या ड्युटीचा रेट किती आणि त्यातले त्या माणसाच्या हातात किती जातात, रिप्लेसमेंट किती दिवसांत आणि किती वेळा, सुट्टीच्या दिवशी काय, डिमेन्शियाचा पेशंट आधी सांभाळलाय का आणि त्या घरचा नंबर मिळेल का. पावती घ्या. पोलीस व्हेरिफिकेशन ब्युरोने केलंय असं नुसतं सांगितलं तर मानू नका, कागद बघा, नसेल तर आपल्या हद्दीच्या पोलीस स्टेशनला स्वतः करून घ्या.

समोर भेटल्यावर एकच परीक्षा घ्या. विचारा, "दादा म्हणाले माझी आई कुठंय, तिला बोलवा, तर तुम्ही काय म्हणाल?" जो पटकन "आई तर कधीच गेली ना तुमची" म्हणेल तो नको. जो म्हणेल "आईची आठवण येतेय का, काय करायची आई तुमच्यासाठी?" त्याला घ्या, अनुभव कमी असला तरी.

भाषा. आजार वाढतो तशी मागून शिकलेली भाषा आधी जाते, लहानपणीची राहते. दादांना हिंदी उत्तम यायचं, आता समजत नाही. मराठी बोलणारा माणूस मिळवण्यासाठी आठ दिवस जास्त थांबावं लागलं तरी थांबा.

आणि माणूस राहतो कुठे ते विचारा. आपल्याकडे बरेचसे केअरटेकर दिवा, मुंब्रा, अंबरनाथ, बदलापूर अशा लांबून लोकलने येतात, ठाण्याला बदलून ट्रान्स हार्बर लाइनची गाडी पकडतात. रविवारी दुरुस्तीसाठी रेल्वेचा मेगाब्लॉक लागला किंवा पावसात गाड्या बंद पडल्या की तो येऊ शकत नाही, त्यात त्याची चूक नसते. रविवारचा आणि पावसाळ्याचा पर्याय आधीच ठरवा, कोणता नातेवाईक, कोणता शेजारी, आणि त्याला ते एक पान आधीच वाचायला द्या.

तपासा: एल्डरलाइन १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, सकाळी ८ ते रात्री ८. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते आणि तिचा मुंबई चॅप्टर आहे, त्यांच्याशी एकदा बोलून घ्या.

पायरी ६: पहिले पंधरा दिवस

इथे सगळ्यात जास्त माणसं हरतात. केअरटेकर सकाळी ८ ला आला, सून ८.१० ला ऑफिसला गेली, आणि ९ ला अनोळखी माणूस आपले कपडे काढतोय. तुमच्या-माझ्या बाबतीत असं झालं तर आपणही लाथ मारू.

१ ते ३ दिवस: केअरटेकरने पेशंटचं काहीही करायचं नाही. चहा प्यायचा, भाजी निवडायची, शेजारी बसायचं, पेपर वाचून दाखवायचा. ओळख करून देताना "तुमच्यासाठी माणूस ठेवलाय" असं म्हणू नका, "ह्यांना मी घरकामात मदतीला बोलावलंय" म्हणा. पैसे देऊन कोणी बसून राहतोय याचा जीव जळतो, मला माहितीये, पण हे तीन दिवस वाचवायला गेलात तर महिना जातो.

४ ते ७: पाणी, चहा, जेवणाचं ताट केअरटेकरने द्यायचं, खाली फेरी मारायला न्यायचं, घरचं माणूस दोन पावलं मागे.

८ ते १५: आता आंघोळ आणि संडास, पहिले दोन-तीन दिवस घरच्या माणसाने सोबत उभं राहून. रात्रपाळी शेवटी.

थांबा: या पंधरा दिवसांत ब्युरो "आज दुसरा पाठवतो" म्हणाला तर शक्यतो नाही म्हणा आणि तो दिवस स्वतः काढा. रोज नवीन चेहरा म्हणजे रोज पहिला दिवस.

पायरी ७: तीन कठीण कामं, करून दाखवा, सांगून नाही

आंघोळ. आधी सगळं तयार: पाणी, टॉवेल, कपडे घालायच्या क्रमाने रचलेले, पंखा बंद. पाणी केअरटेकरने स्वतःच्या मनगटावर बघायचं. एका वेळी एकच वाक्य, "बसा." थांबायचं. "पाय पुढे." थांबायचं. पाणी पायापासून सुरू, डोक्यावर एकदम ओतायचं नाही. मांडीवर टॉवेल राहू द्या, त्याखालून धुता येतं. तांब्या त्यांच्याच हातात द्या. नाही म्हणाले तर ओढाताण नाही, वीस मिनिटांनी परत, जणू पहिल्यांदाच विचारतोय. आपल्याकडे "पारोसं बसलेत" हे घरातल्या मोठ्यांना सहन होत नाही, सासूबाईंचं आणि माझं यावरून बरंच झालं, पण पूर्ण आंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा झाली तरी चालते, रोज तोंड, हात-पाय, काखा आणि खालची जागा स्वच्छ पुसली पाहिजे.

जेवण आणि गोळ्या. ताठ बसवून, आणि जेवल्यावर निदान अर्धा तास आडवं नाही करायचं. पांढऱ्या ताटात पांढरा भात त्यांना दिसत नाही, गडद रंगाचं ताट घ्या. एका वेळी एकच पदार्थ समोर. कोरडे पोहे, चुरमुरे, शेंगदाणे घशात जातात, मऊ वरणभात, घट्ट खिमट बरं. भांडं वर धरून घोटभर वरून ओतून पाणी प्यायची आपली पद्धत या माणसांसाठी धोक्याची आहे, मान मागे गेली की पाणी श्वासनलिकेत जातं. हनुवटी किंचित खाली ठेवून छोटे घोट. चहा-पाणी पिताना रोज ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज ओला-घोगरा येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

गोळ्यांचा डबा आठवड्याचा, भरायचा घरच्यांनी, द्यायचा केअरटेकरने, आणि गिळली की नाही तोंड उघडून बघायचं. गोळी कुस्करून द्यायच्या आधी विचारा, काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात, त्या फोडल्या तर सगळा डोस एकदम जातो. रिव्हास्टिग्माइनचा पॅच (डिमेन्शियावरच्या औषधाची कातडीवर चिकटवायची पट्टी) असेल तर नवीन लावायच्या आधी जुना काढलाच पाहिजे, पाठीवर दोन-तीन पॅच राहून गेले तर ओव्हरडोस होतो. मी पॅचवर तारीख लिहिते.

संध्याकाळ. उन्हं कलली की बऱ्याच पेशंटची घालमेल सुरू होते. दादा साडेपाचला पिशवी घेऊन दारात, "बस चुकेल, सेकंड शिफ्टला उशीर झालाय." आम्ही पहिले सहा महिने त्यांना समजावत होतो, दादा तुम्ही रिटायर झालात, कंपनी बंद झाली. ते रडायचे, नाहीतर दार ठोकायचे. वाद घालून कोणालाच काही मिळालं नाही. आता ब्रदर म्हणतात, "बसला वेळ आहे दादा, चहा घेऊन निघू." चहा, दोन बिस्किटं, मग पिशवीसकट सोसायटीत दोन फेऱ्या, आणि वर आल्यावर टेबलावर मोठे नट-बोल्ट ठेवलेत ते जोडत बसतात, कधी कधी पाऊण तास. ज्यांना तोंडात वस्तू घालायची सवय लागलीये त्यांना हे देऊ नका, त्यांना रुमाल घड्या करायला द्या. अंधार पडायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा, टीव्हीवरच्या बातम्या बंद, चारनंतर घरात पाहुणे नकोत.

पायरी ८: पेशंट घरातून निघून गेले तर

हे होईल असं धरूनच तयारी करा. खिशात कार्ड, आणि कपड्याच्या आतल्या बाजूला शिवलेली फोन नंबरची पट्टी, कारण कार्ड फेकून दिलं जातं. वॉचमनला, नाक्यावरच्या रिक्षा स्टँडला, इस्त्रीवाल्याला फोटो दाखवून ठेवा. रोज सकाळी कपडे घातले की केअरटेकरने एक फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, हरवले तर आज अंगावर काय होतं हे सांगता येतं.

प्रत्यक्ष गेले तर:
१. एक जण घरीच थांबेल, फोन मोकळा ठेवून.
२. बिल्डिंग दहा-पंधरा मिनिटांत पालथी घाला: जिना, गच्ची, पार्किंग, मीटर रूम, खालच्या-वरच्या मजल्यावरचं अगदी तसंच दिसणारं दार.
३. नाही मिळाले की पोलिसांना ११२ वर फोन. चोवीस तास थांबायचं असतं ही समजूत चुकीची आहे, लगेच तक्रार घेतली जाते.
४. स्टेशनच्या बाजूला गेल्याची शंका असेल तर रेल्वेचा १३९.
५. जुन्या नोकरीची, जुन्या घराची दिशा आधी बघा. दादा ठाणे-बेलापूर रोडवर सापडले, जिथून त्यांची कंपनीची बस सुटायची त्या थांब्यावर, हातात पिशवी.

आणि हद्द लक्षात ठेवा. ऐरोली नवी मुंबई पोलिसांकडे, एक-दोन स्टेशनं गेलं की ठाणे पोलीस, ऐरोलीचा पूल ओलांडला की मुलुंड म्हणजे मुंबई पोलीस. म्हातारा माणूस अर्ध्या तासात तीनपैकी कुठल्याही हद्दीत असू शकतो, म्हणून फोटो तिन्हीकडे जाईल असं पोलिसांना सांगा.

पायरी ९: बसलेली घडी सांभाळा

आठवड्यातून एकदा आंघोळीच्या वेळी तुम्ही स्वतः जा, पाठ, माकडहाड, टाचा बघा. लाली दिसली आणि दाबून ती जात नसेल तर बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे, झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायलाच हवी. महिन्याला वजन करा. नवीन काळे-निळे डाग, दिवसभराची गुंगी, गोळ्यांचा हिशोब न जुळणं, केअरटेकर आला की पेशंटचं अंग चोरून घेणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी विचारा. कॅमेरा लावायचा तर हॉलमध्ये, आणि केअरटेकरला सांगून. बाथरूममध्ये कधीही नाही.

केअरटेकरला बसायला जागा, वेळेवर गरम जेवण, दुपारी अर्धा तास पूर्ण मोकळा, आठवड्याची सुट्टी, आणि ठरलेल्या तारखेला पगार. ही मेहेरबानी नाही, या कामात डोकं शांत राहायला हे लागतंच. तीच गोष्ट घरातल्या त्या एका माणसाची, बहुतेक घरी ती सून किंवा मुलगी असते, जिच्यावर केअरटेकर असूनही सगळं येऊन पडतं. तिची पण सुट्टी वहीत लिहा, वार आणि वेळ घालून, आणि त्या वेळी दुसऱ्या कोणीतरी घरी यायचं. मला स्वतःला रात्री झोप लागेनाशी झाली, कारण नसताना रडू यायला लागलं तेव्हा मी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलले, तिथे मराठीत बोलता येतं, फोन चोवीस तास चालू असतो.

ते एक पान दर दीड-दोन महिन्यांनी नवीन लिहा, जुन्यावर खाडाखोड करू नका, केअरटेकर गोंधळतो. आमचं आत्ताचं पान अकरावं आहे. दादा आता "बाहेर जाऊन येतो" पण म्हणत नाहीत, नुसती पायजम्याची नाडी धरून उभे राहतात. पानावर पहिल्या ओळीत तेच लिहिलंय: नाडी धरली की लगेच संडासला न्या, विचारत बसू नका.